चर्चा: वारंवार शिस्तभंग करणाऱ्या एनडीए कॅडेटला घरी पाठवावं, की सहा महिने मागे ठेवावं?

तोरणा_पायथा (धागाकर्ता)

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) शिस्तीच्या कारणावरून काढलं जाण्याच्या उंबरठ्यावर आलेल्या कॅडेटांबद्दल हा धागा आहे. चोरी, कॉपी, मारहाण हे बाजूला ठेवतो, त्यावर दुमत नसावं. मी बोलतोय ते साचत जाणाऱ्या लहान गुन्ह्यांबद्दल. फॉलइनला (रांगेतल्या हजेरीला) उशीर, रविवारच्या लिबर्टीवरून (बाहेर जाण्याच्या सुटीवरून) वेळ टळून परतणं, परवानगी नसताना मोबाइल बाळगणं, रिस्ट्रिक्शनवर (बाहेर जाण्याच्या बंदीवर) असताना हजेरी चुकवणं. प्रत्येकाची शिक्षा वेगळी होते: रिस्ट्रिक्शन, एक्स्ट्रा ड्रिल, फार तर सिंहगडाची दौड. पण डॉसियरमध्ये, म्हणजे कॅडेटच्या वर्तनाच्या फायलीत, या नोंदींची रांग लागली की एक दिवस कारणे दाखवा नोटीस हातात पडते.

माझं मत स्पष्ट आहे. अशा मुलाला आधी लेखी कारणासह रेलिगेट करावं, म्हणजे सहा महिन्यांचं एक सत्र मागे टाकून ज्युनिअर कोर्सबरोबर बसवावं. त्याच वेळी त्याची स्क्वॉड्रन, म्हणजे तो ज्यात राहतो ती तुकडी, बदलावी. काढण्याचा विचार त्यानंतर. रेलिगेशन ही सौम्य शिक्षा आहे असं बाहेरच्यांना वाटतं, पण ज्येष्ठता कमिशनच्या (अधिकारी म्हणून नेमणुकीच्या) तारखेपासून मोजतात. सहा महिने उशिरा कमिशन मिळालेला अधिकारी आपल्या मूळ कोर्सच्या मागेच राहतो, आणि ते निवृत्तीपर्यंत पुसलं जात नाही.

स्क्वॉड्रन बदलण्याचा आग्रह का, तर मुलावर एकदा शिक्का बसला की सगळ्यांचं लक्ष त्याच्यावरच राहतं. दुसऱ्याचा दोन मिनिटांचा उशीर खपून जातो, याचा नोंदवला जातो. रोज देखरेख ठेवणारा डिव्हिजनल ऑफिसर तोच, वरच्या सत्राची मुलं तीच, मग नोंदी वाढतच जातात. नव्या स्क्वॉड्रनमध्ये नव्या अधिकाऱ्याने केलेलं मूल्यांकन हाच त्या मुलाबद्दलचा खरा पुरावा.

सातारच्या सैनिक स्कूलमध्ये सहावीत गेलेला मुलगा अकराव्या-बाराव्या वर्षापासून गणवेशात असतो. पाचव्या सत्रात त्याला बाहेर काढताना व्यवस्थेने निदान एवढी एक पायरी पाळावी.

पलटण_चौकी

तोरणा, तुमच्या सुरुवातीच्या यादीत एक गोष्ट राहिली: ज्युनिअरला मर्यादेपलीकडे दिलेला रगडा (शिक्षा म्हणून करवून घेतलेले शारीरिक कष्ट). वारंवार शिस्तभंगाच्या डॉसियरमध्ये चौथ्या सत्रानंतर ती हमखास डोकावते, कारण तोपर्यंत मुलाच्या हाताखाली खालच्या सत्रांची मुलं आलेली असतात. पहिल्या सत्रातला उशीर फक्त त्याला स्वतःला भोवतो. पाचव्या सत्रातल्या बेफिकिरीत दुसऱ्याचा गुडघा जायबंदी होऊ शकतो.

दुसरं, 'लहान गुन्हे' हा शब्दच मला मान्य नाही. एक्स्ट्रा ड्रिल झालं, रिस्ट्रिक्शन झालं, लेखी ताकीद झाली, स्क्वॉड्रन कमांडरने समोर बसवून समजावलं, तरी तीच चूक पुन्हा होते. इथे उशीर किती मिनिटांचा याला महत्त्व राहत नाही. सांगितलेलं ऐकून हा माणूस बदलतो का, एवढंच पाहायचं असतं. एनडीएची तीन वर्षं, मग डेहराडून, दुंडिगल किंवा एझिमला इथल्या पुढच्या अकादमीत, आणि त्यानंतर लगेच जवानांची जबाबदारी. रात्रीच्या गस्तीची वेळ, दारूगोळ्याची मोजणी, रजेवरच्या जवानाची नोंद ही सगळी कामं 'लहान'च असतात.

रेलिगेशनला माझा विरोध नाही. पण त्याचा नियम करून टाकला तर प्रत्येक कॅडेट धरून चालेल की एक सत्र हाताशी आहेच.

तोरणा_पायथा

रगड्याचा मुद्दा मान्य. ज्युनिअरला इजा झाली असेल तर तो वेगळा, गंभीर गुन्हा धरावा. पण मग उरलेल्या नोंदींची सरमिसळ त्यात करू नये. नोटिशीत नेमकं तेच होतं: एक गंभीर आणि अकरा किरकोळ गोष्टी एकाच परिच्छेदात येतात, आणि वाचणाऱ्याला बारा गंभीर गुन्हे दिसतात.

आकड्यांचा_माणूस

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत हा वाद दोनशे वर्षं जुना आहे. सिल्व्हेनस थेअर १८१७ ते १८३३ तिथे सुपरिंटेंडेंट होते, त्यांच्या काळात डिमेरिटची पद्धत बसली: प्रत्येक चुकीला ठरावीक गुण आणि ठरावीक मुदतीत मर्यादा ओलांडली की बाहेर. १८५०च्या दशकात सहा महिन्यांत शंभर अशी मर्यादा होती. पुढे चित्रकार म्हणून नाव कमावलेला व्हिसलर १८५४मध्ये बाहेर पडला तो रसायनशास्त्रातलं अपयश आणि दोनशेच्या वर डिमेरिट यामुळे. पुढे सेनानी झालेल्या जॉर्ज कस्टरच्या नावावर मात्र एकूण ७२६ डिमेरिट जमले आणि तरी १८६१मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला, वर्गात शेवटचा.

कसा, तर मर्यादेच्या जवळ आला की तो तेवढे आठवडे सांभाळून राहायचा. नुसती मोजणी ठेवली की हिशेबी मुलगा टिकतो आणि बेहिशेबी जातो, दोघांची वृत्ती सारखी असली तरी. म्हणून 'इतक्या नोंदी झाल्या की बाहेर' किंवा 'एक रेलिगेशन झाल्याशिवाय बाहेर नाही', या दोन्ही ठोकळेबाज नियमांना माझा विरोध आहे. संपूर्ण डॉसियर वाचून निर्णय व्हावा.

तोरणा_पायथा

'संपूर्ण डॉसियर वाचून' ऐकायला छान वाटतं. पण ते डॉसियर लिहिणारा एकच डिव्हिजनल ऑफिसर असेल तर निर्णय त्याच्या नजरेवरच टांगलेला राहतो.

वेस्ट पॉइंट काढलंच आहे तर १९७६ही आठवा. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या घरी सोडवायला दिलेल्या प्रश्नपत्रिकेत सामूहिक कॉपी सापडली आणि दीडशेहून अधिक कॅडेट गेले. अंतराळवीर फ्रँक बोरमन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. बाहेर गेलेल्यांना वर्षभराने परत येण्याची मुभा मिळाली आणि नव्वदहून अधिक परत आले. वर्षभर बाहेर राहून परत येण्याची सोय एखादी लष्करी अकादमी करू शकते, हे तिथे सिद्ध झालंय.

पलटण_चौकी

तो एका परीक्षेतला एकच गुन्हा होता, आणि आयोगाने अकादमीच्या स्वतःच्या कारभारावरही ठपका ठेवला होता. चार सत्रं समजावूनही न बदललेल्या मुलाची ती नजीर होत नाही.

कागद_आधी

तत्त्वाची चर्चा चालू राहू द्या. ज्यांच्या घरात ती नोटीस आली आहे त्यांच्यासाठी लिहितो, कारण इथे हमखास गडबड होते.

एनडीए कॅडेट हा कमिशन मिळालेला अधिकारी नसतो. आणि हे कोर्ट मार्शल (लष्करी न्यायालयातला खटला) नाही, प्रशासकीय कारवाई आहे: नोटीस, लेखी उत्तर, कमांडंटची शिफारस, वरच्या मुख्यालयाची मंजुरी. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात गेलात, तरी न्यायालय 'मुलगा चांगला आहे का' हे तपासत नाही. नोटीस दिली का, आधार घेतलेले कागद दाखवले का, उत्तराचा विचार केला का, हे पाहतं. म्हणजे सगळा भार त्या पहिल्या लेखी उत्तरावर असतो.

क्रम असा ठेवा. नोटिशीत उत्तराची मुदत दिलेली असते. कागद मिळायला वेळ लागणार असेल तर मुदत संपण्याआधी लेखी मुदतवाढ मागा, तोंडी नको. नोटिशीत ज्या नोंदींचा उल्लेख आहे त्या प्रत्येकीची प्रत मागा. मग चार रकान्यांचा तक्ता करा: तारीख, आरोप, झालेली शिक्षा, ती पूर्ण केल्याची नोंद. यात दोन गोष्टी सापडतात. एकच घटना दोनदा मोजलेली असते, किंवा लेखी ताकीद दिली असं म्हटलेलं असतं पण तिच्यावर कॅडेटची सही नसते. हे मुद्दे उत्तरात पहिल्या पानावर यायला हवेत.

'या चुकांची शिक्षा आधीच भोगली, आता दुसऱ्यांदा कशी' हा युक्तिवाद बहुतेक पालकांना सुचतो, आणि तो टिकत नाही. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नको असं सांगणारा अनुच्छेद २०(२) फौजदारी खटल्यापुरता आहे. नोटीस जुन्या चुकीची नवी शिक्षा देत नसते, एकूण वर्तनावरून पात्रता ठरवत असते. उत्तर त्याच भाषेत द्या: शेवटच्या शिक्षेनंतर काय बदललं, कोणत्या तारखेपासून, कोणाच्या समोर.

उत्तर दोन-तीन पानांत, मुलाच्या स्वतःच्या शब्दांत असावं. वकिलाने तपासावं, लिहू नये. जे घडलं ते घडलं म्हणून मान्य करा. एक खोटं वाक्य सापडलं की वर्तनाचं प्रकरण सचोटीचं होतं आणि मग रेलिगेशनचा दरवाजाही बंद. शेवटी व्यक्तिशः सुनावणी मागा. आमदार-खासदारांचे फोन करवू नका, त्याचीही नोंद होते.

दुर्गवाट

यापेक्षा राजीनामा देऊन मोकळं व्हावं आणि पुन्हा परीक्षा द्यावी, असा सल्ला बऱ्याच क्लासवाल्यांकडून मिळतो. तो बरोबर आहे का?

कागद_आधी

नाही, आणि याने मुलांचं फार नुकसान होतं. यूपीएससीच्या एनडीए परीक्षेच्या अधिसूचनेतच लिहिलेलं आहे की सशस्त्र दलांच्या कोणत्याही प्रशिक्षण अकादमीतून राजीनामा दिलेले किंवा शिस्तीच्या कारणावरून काढलेले उमेदवार अर्जाला अपात्र आहेत. शिवाय तोपर्यंत साडेएकोणीसची वयोमर्यादा बहुधा ओलांडलेली असते. पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा देऊ म्हणाल तर तिथली अधिसूचनाही या मुद्द्यावर ओळ न् ओळ वाचा.

पैशांचंही तसंच. प्रवेशाच्या वेळी पालकांनी बंधपत्र भरलेलं असतं. कॅडेटच्या हातात असलेल्या कारणाने प्रशिक्षण सुटलं तर सरकार खर्च वसूल करू शकतं, आणि राजीनामा हे तर उघडच त्याच्या हातातलं कारण. मागणीपत्र आलं की प्रशिक्षणाच्या आठवड्यांचा हिशेब तपासा आणि हप्ते लेखी मागा.

मनस्वास्थ्य

नोंदींचा आलेख बघा, असं मला सगळ्यांना सांगायचं आहे. पहिली तीन सत्रं स्वच्छ आणि चौथ्यात अचानक उशीर, चिडचिड, झोप, हजेरी चुकवणं, असं असेल तर तो मुलगा आजारी असण्याची शक्यता आहे. डोक्याला मार लागला होता का, घरी कोणी गेलं का, झोप किती होते, हे विचारायला हवं. बॉक्सिंग तिथे सगळ्यांनाच करावं लागतं. खडकवासल्याला लष्करी रुग्णालय आहे, पुण्यात कमांड हॉस्पिटल आहे. पण मुलं जात नाहीत, कारण वैद्यकीय श्रेणी खाली गेली तर कमिशनच जाईल ही भीती असते. ती भीती निराधारही नाही. वैद्यकीय कारणाने बाहेर पडलेल्या कॅडेटांच्या हालअपेष्टांची सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये स्वतःहून दखल घेतली.

पलटण_चौकी

हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, एक अट घालून. डॉक्टरांचा कागद नोटिशीच्या आधीचा हवा. नोटिशीनंतर गावाकडच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडलं तर ते उत्तराचं वजन घालवतं. नंतर कळलं असेल तर लष्करी रुग्णालयातच तपासणी मागावी.

तोरणा_पायथा

मनस्वास्थ्य यांच्या आलेखामुळे माझा प्रस्ताव थोडा बदलतो. रेलिगेशन सरसकट नको, पण काढण्याच्या शिफारशीपूर्वी दोन कागद अनिवार्य असावेत: दुसऱ्या स्क्वॉड्रनच्या अधिकाऱ्याचं स्वतंत्र मूल्यांकन आणि लष्करी मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल.

पलटण_चौकी

दुसरा कागद हवाच. पहिल्याला माझा विरोध कायम आहे. ज्याने मुलाला रोज पाहिलं नाही, त्याचं मूल्यांकन मुलाखतीपुरतंच राहणार. अधिकारी निवडीच्या एसएसबी चाचणीच्या पाच दिवसांत हाच मुलगा अधिकाऱ्याच्या पंधराही गुणांवर उतरला होता.

कागद_आधी

एक राहिलं, ज्यांचा निर्णय झालाच आहे त्यांच्यासाठी. निघताना उत्तीर्ण सत्रांच्या गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्र मागून घ्या. पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असल्याने पुढचं महाविद्यालय ते मागतंच. आणि पुढे कुठल्याही सरकारी नोकरीच्या साक्षांकन फॉर्ममध्ये संस्थेतून काढलं होतं का असा प्रश्न आला, तर 'होय' लिहून आदेशाची प्रत जोडा. काढलं गेल्याने नोकरी नाकारली जाईलच असं नाही. पण ते लपवल्याचं नंतर उघड झालं, तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.