सीमेवर असलेल्या जवानांच्या घरांसाठी तरुण मंडळाने वर्षभर काय करावे?

प्रश्न : मंडळाचा सचिव, जिल्हा सातारा

सर्वांना नमस्कार. आमच्या मंडळाचे अकरा सभासद सैन्यात आहेत आणि त्यांपैकी सात जण सध्या फील्डवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी आहेत. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट नवलाची नाही. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जवानांचे स्मारक जपणारे अपशिंगे मिलिटरी हे गाव याच जिल्ह्यातले. आजवर आम्ही 15 ऑगस्टला जवानांच्या आईवडिलांना शाल आणि नारळ देऊन सत्कार करत आलो. यंदा मिरवणुकीत डीजे लावला नाही, त्यामुळे वर्गणीतील काही रक्कम शिल्लक आहे आणि ती या घरांसाठी खर्च करावी असे सर्वांचे मत आहे. सत्काराच्या पलीकडे खरोखर उपयोगी पडेल असे काय करता येईल, हे ज्यांनी असे दिवस काढले आहेत त्यांनी सांगावे.

उत्तर 1 : निवृत्त सुभेदार, गडहिंग्लज

सचिव महोदय, जवानांसाठी काही पाठवायचे असेल तर आधी पत्ता नीट समजून घ्या. सैनिकी क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, त्याखाली ‘द्वारा 56 एपीओ’ किंवा ‘द्वारा 99 एपीओ’ (एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय) आणि 9 ने सुरू होणारा सहा अंकी पिन कोड एवढेच लिहायचे असते. गावाचे किंवा ठाण्याचे नाव त्यावर कधीही लिहू नये. हाच नियम आपल्या फ्लेक्सनाही लावा. वाढदिवसाच्या फलकावर जवानाचे छायाचित्र, युनिट आणि तो कोठे तैनात आहे हे सगळे छापलेले मी पाहिले आहे. प्रेमापोटी केलेली ती चूकच आहे.

दिवाळीचा फराळ दसऱ्याच्या आधीच रवाना करा, कारण उंचावरच्या चौकीपर्यंत पार्सल पोहोचायला किती दिवस लागतील ते बर्फ आणि रस्ता ठरवतो. शंकरपाळे, चिवडा आणि बेसनाचे लाडू टिकतात. चकलीचा मात्र वाटेत चुरा होतो आणि ओल्या खोबऱ्याचे काही पाठवूच नये. डबा एकट्यापुरता भरू नका. आमच्या तुकडीत डबा कोणाचाही आला तरी तो सर्वांचा असे, आणि गढवाली, तमिळ पोरे ‘तुझ्या गावचे ते गोड चौकोनी पुन्हा कधी येणार’ असे विचारत.

उत्तर 2 : जवानाची पत्नी

आमच्या गावातील मंडळाचा अनुभव चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. गेल्या जुलैत रात्री अकराच्या सुमारास माझ्या सासूबाई मागच्या दारच्या दगडावर घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. घरात मी, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. बाहेर पाऊस, वीज गेलेली. मंडळातील मुलांचे नंबर माझ्याकडे होते, तरीही फोन लावायला मला अर्धा तास लागला. कारण एकट्या सुनेच्या दारात रात्री परका तरुण आला, तर दुसऱ्या दिवशी गावात काय बोलले जाईल हे मला माहीत होते. शेवटी फोन केला, तेव्हा दोघे जण जीप घेऊन आले. तालुक्याच्या खासगी रुग्णालयाने आधी अनामत रक्कम मागितली, तीही मंडळाच्या अध्यक्षांनी भरली. पण तो अर्धा तास सासूबाई ओल्या अंगणात विव्हळत पडल्या होत्या.

त्यानंतर मंडळाने बचत गटातील दोन वयस्कर बायकांना या कामात घेतले. आता पहिला फोन त्यांना जातो आणि त्या मुलांना सोबत घेऊन येतात. तुम्ही पैशांचा विचार करण्यापूर्वी एवढी एक व्यवस्था करा. अनामतीसाठी थोडी रक्कम मात्र वेगळी काढून ठेवा. नोकरीतील जवानाच्या आश्रितांचे उपचार लष्करी रुग्णालयात होतात, परंतु आमच्यासारख्या गावाहून ते रुग्णालय दूर असते आणि पहिली रात्र जवळच्याच दवाखान्यात काढावी लागते. आश्रित कार्डाची प्रत आणि युनिटचा फोन नंबर घरात दाराजवळच लावून ठेवायला प्रत्येक घराला सांगा.

आणखी एक विनंती आहे. दूरचित्रवाणीवर चकमकीची बातमी आली की गावातले लोक आमच्या दारात येऊन ‘फोन लागला का?’ असे विचारतात. त्यांची काळजी खरी असते, पण तीन-तीन दिवस फोन लागत नसताना हाच प्रश्न वीस जणांनी विचारला की घशाखाली घास उतरत नाही. त्या दिवसांत कोणी मुलीला शाळेत सोडले किंवा दळण आणून दिले, तर त्याने जो आधार वाटतो तो चौकशीने वाटत नाही.

उत्तर 3 : वकील, तालुका न्यायालय

घरापासून दूर असलेल्या जवानाला बांधाचा वाद सर्वांत जास्त छळतो. तो रजेवर येतो आणि साठ दिवसांतील निम्मे दिवस तलाठी कार्यालय, मोजणी आणि तारखा यांतच संपतात. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट हा 1925 चा कायदा आजही लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. विशेष किंवा युद्धसदृश परिस्थितीत सेवा करणारा सैनिक स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहू शकत नसेल, तर त्याच्या युनिटकडून प्रमाणपत्र आल्यावर दिवाणी आणि महसुली न्यायालयांतील काम पुढे ढकलता येते. अशा सेवेचा काळ दाव्याच्या मुदतीतूनही वगळला जातो. मंडळाने एवढेच पाहावे की नोटीस आली तर ती घरातल्या फळीवर पडून राहणार नाही. ती त्याच आठवड्यात वकिलाला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवली जावी. सातबारा दर सहा महिन्यांनी काढून पाहणे हे कामही मंडळातील एखाद्या शिकलेल्या मुलाने अंगावर घ्यावे.

प्रश्नकर्ता :

तिघांचेही मनापासून आभार. ताईंनी अर्ध्या तासाबद्दल जे लिहिले ते मी काल बैठकीत वाचून दाखवले, तेव्हा कोणी काही बोलले नाही. बचत गटाच्या अध्यक्षा आणि आमच्या शाळेतील निवृत्त बाईंनी पहिला फोन घेण्याचे मान्य केले आहे. शिल्लक रकमेपैकी अर्धी अनामतीसाठी बँकेत वेगळी ठेवत आहोत. उरलेल्या रकमेतून फराळ पाठवू आणि 7 डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला मंडळाच्या नावाने वाटा देऊ. मारुतीच्या देवळासमोरच्या फ्लेक्सवर दोघा जवानांच्या युनिटची नावे होती. तो फलक आज सकाळी आम्ही उतरवला आहे.