'पुअर इमेज'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : जर्मन कलावंत हितो श्टायर्ल हिने २००९ साली एका निबंधात 'पुअर इमेज'ची बाजू घेतली. नकलेची नक्कल होत, दाबून दाबून लहान झालेलं, अंधुक पण सतत फिरतं चित्र. मी 'गरीब प्रतिमा' लिहिलं, तर मैत्रिणीने विचारलं, कुणाची प्रतिमा मलिन झाली? दुसरा शब्द सुचवा.

उत्तर : 'गरीब' नकोच. आपल्याकडे गरीब म्हणजे गरीब गाय, मुकाट सोसणारी. 'निकृष्ट' हा तपासनिसाचा शिक्का. त्यापेक्षा 'दरिद्री', 'भिकार' बघा. 'काय दरिद्री प्रिंट आहे', 'भिकार आवाज' असं आपण म्हणतो, तेव्हा पैसा नसणं आणि दर्जा नसणं एकाच शब्दात येतं. श्टायर्लही तेच बोट दाखवते. चित्रांतही वर्ग आहेत, स्वच्छ मोठं चित्र वर, हे तळाला. पण थिएटरांनी बाहेर काढलेले प्रायोगिक चित्रपट याच भिकार प्रतींतून लोकांपर्यंत पोचले.

उत्तर : मी फ्लेक्सचं डिझाइन करतो. आम्ही 'फोटो फाटतोय' म्हणतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला चेहरा दहा फुटांवर ताणला की डोळ्यांच्या जागी चौकोन उरतात. माझं मत 'फाटकं चित्र'.

उत्तर : 'फाटकं' ऐकून रबीह म्रूए आठवला. २०१२ मध्ये कासलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात या लेबनीज कलावंताने सीरियातल्या आंदोलकांचे मोबाइल व्हिडिओ मांडले होते. एकात फोन धरलेला माणूस बंदूकधारी शोधतोय. तो सापडतो, बंदूक इकडे वळते, गोळी सुटते आणि चित्र कोलमडतं. सरकारी चित्रण ट्रायपॉडवरचं, स्थिर. आंदोलकाचं चित्र त्याच्या हाताबरोबर थरथरतं. ती थरथर पुसली, तर तिथे कुणीतरी जीव मुठीत धरून उभं होतं हेच पुसलं जाईल. म्हणून 'दरिद्री' मला बोचतो. त्यात हेटाळणी फार. 'भणंग' घ्या. भणंगाकडे काही नसतं, पण तो दारोदार पोचतो, त्याला कुणी एका जागी बांधून ठेवू शकत नाही. 'फाटकं'मधून दशा कळते, फिरणं कळत नाही.

प्रश्नकर्ती : मग शीर्षकात 'भणंग चित्र' ठेवते. पिक्सेल दिसू लागतात त्या परिच्छेदात 'फाटलेलं'. 'प्रतिमा' सगळीकडून काढली. आता 'रेझोल्यूशन'चं बघायचंय; 'विभेदन' वाचून माझीच वाचा बसते.