फर्स्ट इयरच्या 140 पोरांना शिकवायचं कसं की?

खानापूरचा_मास्तर: पीएचडी करूलोय एका मोठ्या युनिव्हर्सिटीत, यंदा बीएस्सी फर्स्ट इयरचं फिजिक्स गळ्यात पडलंय. निम्मी पोरं मराठी मीडियमची, थोडी कन्नड, लेक्चर इंग्लिशमधनं. "समजलं का?" म्हटलं की सगळी माना हलवतात आणि टेस्टला कोरा पेपर. गाईड सर म्हणतात रिसर्च पेपर छाप, शिकवण्याला कोण विचारतंय. काय करू?

टिळकवाडी_ताई: समजलं का विचारूच नकोस रे. हार्वर्डच्या एरिक माझूरनी 1991 च्या सुमारास सुरू केलेली पद्धत बघ. एक प्रश्न, चार पर्याय, पहिलं एकट्यानं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि परत उत्तर. उत्तर दाखवायला मशीन कशाला, एका पर्यायाला एक असे चार रंगांचे कार्डशीटचे तुकडे पुरतात. मी केलं तर मागच्या बाकावरची पोरगी शेजारणीला मराठीत समजावून सांगूलती, माझ्यापेक्षा बरं. मात्र पहिल्याच फेरीत बहुतेकांचं बरोबर आलं तर प्रश्नच सोपा होता समज.

निपाणीवाला: हे सगळं खरं, पण पोर्शन संपणार कसा? आणि प्रमोशनला काय दाखवायचं, कार्डशीट? 😄

टिळकवाडी_ताई: पोर्शन तुझा संपतो की, पोरांचा कुठं संपतोय. 2014 मध्ये अमेरिकेत 225 अभ्यास एकत्र करून बघितले, पोरांना असं कामाला लावणाऱ्या वर्गापेक्षा नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास व्हायचं प्रमाण दीडपट निघालं. प्रमोशनचं मात्र खरं बोललास.

खानापूरचा_मास्तर: बरं ताई, उद्याच शहापुरात जाऊन कार्डशीट आणतो.