बॅरलचं इंजिन ऑइल: किलोवर घ्यावं का?

मंडळी, मदत हवी आहे. शिरोलीला आमचं ट्रकचं छोटं गॅरेज आहे. महिन्याला २० लिटरच्या दहा-बारा बकेट जातात, म्हणून २१० लिटरचं बॅरलच घ्यावं म्हटलं. ग्रेड १५डब्ल्यू-४०.

एक व्यापारी किलोच्या भावाने देतो, आणि घोळ तिथेच आहे. ऑइलची घनता लिटरला ०.८७-०.८८ किलो, म्हणजे २१० लिटरचे साधारण १८४ किलो झाले. परवा एक बॅरल उतरवलं, काट्यावर २०१ भरलं. बिलही २०१चंच! रिकामं बॅरलच १७ किलोचं, ते पण ऑइलच्या भावात. वर बुचाचं सील बोटाने गरागरा फिरत होतं. वडील म्हणाले, "आधी परत पाठव, मग बोल." अजून पाठवलेलं नाही, झाकूनच ठेवलंय.

बॅरल घेणाऱ्यांनी सांगा: निव्वळ वजन बिलावर कसं लिहून घेता? १०० अंशाला व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्ये हवी हे माहीत आहे, पण एका बॅरलसाठी नमुना तपासून देणारी लॅब कोल्हापूर-सांगलीकडे आहे का? आणि दोन बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांना सीके-४ दर्जाचं ऑइल लागतं, ते सुट्टं घ्यावं की त्यांच्यापुरत्या सीलबंद बकेटच बऱ्या?