मदत हवी आहे: मामांचा रेसिंग कार मॉडेल्सचा संग्रह विकायचाय, रास्त भाव कसा ठरवू? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांकडे फॉर्म्युला वनच्या गाड्यांची दीडशेच्या आसपास मॉडेल्स आहेत. बहुतेक १:४३ स्केलची, म्हणजे तळहातावर मावणारी, आणि थोडी मोठी १:१८ ची. ती विकायचीत आणि मला नीट माहिती असलेल्या माणसांचा सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहितो कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

मामा टॉवेलच्या एक्स्पोर्टमध्ये होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला माल घेऊन जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्सटिल प्रदर्शनाला जायचे आणि येताना बॅगेत चॉकलेटं कमी आणि या गाड्या जास्त असायच्या. तो मिखाएल शूमाकर या ड्रायव्हरचा काळ, जर्मनीत त्याच्या गाड्या सगळीकडे मिळायच्या आणि मिनीचॅम्प्स कंपनी पण जर्मनीतलीच, आखेनची, त्यामुळे मामांचा निम्म्याहून जास्त संग्रह मिनीचॅम्प्सचाच आहे. आता मामा-मामी पुण्याला मुलीकडे कायमचे चाललेत, तिथे फ्लॅटमध्ये एवढं कपाट लावायला भिंत नाही. मामांनी मला बोलावून सांगितलं की तूच बघ, घाई नाही, पण मातीमोल जाऊ देऊ नकोस आणि घेणाऱ्यालाही लुबाडू नकोस. मला दोन्ही गोष्टी पाळायच्यात.

आता काय काय आहे ते सांगतो. शूमाकरच्या जवळजवळ सगळ्या सीझनच्या गाड्या आहेत, १९९१ ला बेल्जियममधल्या स्पाच्या रेसला तो पहिल्यांदा उतरला ती हिरवी जॉर्डन १९१, मग १९९४ ची बेनेटन बी१९४, आणि २००० ते २००४ सलग पाच वर्षं जिंकला त्या फेरारी. आयर्टन सेना या ड्रायव्हरच्या आठ-दहा आहेत, त्यात १९८८ ची मॅकलॅरन एमपी४/४ (सोळापैकी पंधरा रेस जिंकलेली गाडी, मामा हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात) आणि १९९४ ची विल्यम्स एफडब्ल्यू१६. नारायण कार्तिकेयनची २००५ ची पिवळी जॉर्डन ईजे१५, १९ नंबरची, डब्यासकट आहे. त्यानंतरच्या काही स्पार्क कंपनीच्या आहेत, त्यात फोर्स इंडिया संघाच्या पण आहेत. मोठ्या स्केलमध्ये हॉट व्हील्सच्या फेरारी आणि बुरागो कंपनीच्या जुन्या गाड्या, खाली मेड इन इटली लिहिलेल्या.

अडचण अशी झालीय की ओळखीतून एक व्यापारी घरी आला होता, त्याने कपाट बघून सरसकट नगाला ४०० रुपये सांगितले. मी म्हटलं ठीक आहे, विचार करतो, पण मग बुरागोसकट सगळं उचलणार ना, तर म्हणाला नाही, मी निवडतो ते. आणि त्याने निवडून बाजूला काढल्या त्या कोणत्या, तर सेनाच्या सगळ्या, कार्तिकेयनची जॉर्डन, आणि शूमाकरची १९९१ वाली. म्हणजे माणसाला सगळं कळतंय, आणि भाव मात्र सगळ्यांना एकच! मामा तिथेच बसले होते, काही बोलले नाहीत, पण त्यांनी उठून कार्तिकेयनची जॉर्डन परत कपाटात ठेवली. मला तो व्यवहार पटला नाही म्हणून त्याला नको म्हणून सांगितलं. भाव कमी वाटला हे तर आहेच, पण निवडक मलई काढून घेतल्यावर उरलेलं कोण विचारणार?

कंडिशनबद्दल खरं खरं सांगतो. कपाट वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला होतं आणि सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीच आहे, पारा ४३-४४ पर्यंत जातो. त्यामुळे काही गाड्यांचे टायर ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर टेकलेत तिथे डाग पडलेत, एक-दोन ठिकाणी टायर चिकटलाय. चार-पाच गाड्यांचे आरसे आणि अँटेना तुटलेत. बाहेरचे पुठ्ठ्याचे डबे बऱ्याच गाड्यांचे आहेत, पण काहींना वाळवी लागून गेलेत. आणि एक, मामांनी काही फेरारींवर मार्लबोरोचे स्टिकर स्वतः लावलेत, कारण कंपनीने सिगरेटचं नाव न छापता विकलेल्या होत्या आणि मामांना गाडी टीव्हीवर दिसायची तशीच हवी होती. अतिशय सफाईने लावलेत, पण आहेत मागाहून लावलेलेच.

तर विचारायचं असं की भाव बघायचा कुठे, कारण एकाच गाडीला नेटवर कुणी दोन हजार मागतो कुणी पंधरा हजार. लॉटमध्ये द्यावं का एकेक विकावं? स्टिकर लावलेल्यांचा भाव वाढतो का उतरतो? आणि सोलापुरातून कुरिअर करायचं तर काचेसारखी नाजूक वस्तू पोचते का धड? इथे नवी पेठेत चौकशी केली पण खेळण्यांच्या दुकानदारांना यात रस नाही आणि त्यांचंही बरोबरच आहे, ही मुलांनी खेळायची वस्तू नाहीये. घासाघीस करायची माझी तयारी आहे, फक्त आकडा हातात हवा.

आगाऊ धन्यवाद.

—

प्रतिसाद, पिटलेन:

तुम्ही नाही म्हणालात ते योग्यच केलंत. मी गेली बरीच वर्षं १:४३ गोळा करतोय, अधूनमधून लॉटही घेतो, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने पण सांगतो.

सगळ्यात आधी मिनीचॅम्प्सच्या डब्यावर आर्टिकल नंबर, म्हणजे कंपनीचा मॉडेल क्रमांक, असतो तो बघा. त्या आकड्यांतच बऱ्याचदा सालाचे आणि गाडीच्या नंबराचे आकडे दडलेले असतात. सर्चमध्ये तोच टाकायचा, नुसतं "शूमाकर फेरारी" टाकलंत तर हजार वेगळ्या गाड्या येतील. ईबेचं भारतातलं दुकान २०१८ ला बंद झालं, पण बाहेरच्या साइटवर खरोखर विकल्या गेलेल्या वस्तू बघायचा फिल्टर आहे, सोल्ड आयटम्स नावाचा. तोच भाव धरायचा. मागितलेली किंमत म्हणजे भाव नाही, ते पंधरा हजारवाले त्याच गाडीला तीन वर्षं धरून बसलेले असतात. एकाच गाडीचे शेवटचे सात-आठ सौदे बघा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या, मधला धरा, त्यातून टपालखर्च वेगळा काढा. आणि डबा असलेल्याची तुलना डबा असलेल्याशीच.

भारतात भाव बाहेरच्यापेक्षा थोडा चढा मिळू शकतो त्याचं कारण कस्टम ड्यूटी. खेळण्यांवरची ड्यूटी २०२० ला २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ ला ७० झाली, स्केल मॉडेल त्याच खात्यात मोडतात. म्हणजे मला आज जर्मनीतून गाडी मागवायची तर गाडी, टपाल आणि वर कर. इथे हातात बघून घेता येत असेल तर मी आनंदाने दोन पैसे जास्त देईन.

लॉटचं म्हणाल तर मी स्वतः किरकोळीत जे येईल त्याच्या निम्म्याच्या वरखाली देतो, कारण पुढे एकेक विकण्यात वर्ष जातं, काही नग पडून राहतात. हा हिशोब मला दोन्हीकडून रास्त वाटतो. पण ते पूर्ण लॉटसाठी, बुरागोसकट. निवडून घ्यायचं असेल तर किरकोळ भाव द्यायला हवा. दोन्हीकडचा फायदा एकालाच कसा मिळेल?

स्टिकरचं लपवू नका. काहींना हवे असतात, काहींना कंपनीतून निघालं तसंच हवं असतं. "मालकाने नंतर लावलेले" असं स्पष्ट लिहा आणि जवळून फोटो टाका. काढायचा प्रयत्न अजिबात करू नका, खालचा रंग जातो.

१:१८ फेरारींबद्दल फार आशा ठेवू नका. हॉट व्हील्सवाल्या मॅटेलकडे १९९९ पासून फेरारीचं लायसन्स होतं आणि त्यांनी ढिगाने गाड्या काढल्या. बुरागोचंही तसंच, इटलीची मूळ कंपनी २००५ ला बुडाली आणि नाव मायस्टो या दुसऱ्या मॉडेलवाल्यांकडे गेलं, त्यामुळे मेड इन इटलीला थोडा मान आहे, पण फार नाही.

—

प्रतिसाद, जुळेसोलापूरकर:

कार्तिकेयनची ईजे१५ सगळ्यात शेवटी विका हो. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, आणि त्याच वर्षी इंडियानापोलिसला, मिशेलिनच्या टायरच्या भानगडीत सहाच गाड्या धावल्या त्या रेसला चौथा आला होता. बाहेरच्या लोकांना त्याचं एवढं काही नाही, पण आपल्याकडच्या गोळा करणाऱ्याला ती हवीच असते. म्हणून तिचा भाव परदेशातल्या सौद्यांवरून ठरवू नका, इथल्या मॉडेल गोळा करणाऱ्यांच्या ग्रुपवर बोली लावून बघा.

पॅकिंगचं सांगतो, मी सोलापुरातून नेहमी पाठवतो. गाडी पट्टीला स्क्रूने बसवलेली असते तो स्क्रू घट्ट आहे का बघा, सैल असेल तर आतल्या आत आपटून विंग तुटते. पारदर्शक झाकण आणि गाडी यांच्यामध्ये टिश्यू पेपर हलकाच, दाबून नाही. मग कंपनीचा डबा, त्याला बबल रॅप, मग बाहेर जाड खोका आणि मध्ये चहूबाजूंनी दोन-तीन बोटं कागदाचे बोळे. खोका हलवून बघायचा, आवाज आला तर परत उघडायचा. स्पार्कच्या गाड्या रेझिनच्या असतात, उन्हात पातळ भाग वाकतात, गोंद सुटतो, त्या मृगाचा पाऊस पडल्यावरच पाठवा. आणि पॅक करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, पोचल्यावर वाद होत नाही.

—

प्रतिसाद, नवखा२१:

ओएलएक्सवर टाकून मोकळे व्हा की, एवढं काय.

—

प्रतिसाद, पिटलेन:

ओएलएक्सवर टाकायला हरकत नाही पण सांभाळून. फोन येतो, गाडी न बघताच पूर्ण पैसे द्यायला तयार, आणि मग क्यूआर कोड पाठवून म्हणतात स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. झालंच काही तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. मॉडेलच्या ग्रुपवर निदान मागचे व्यवहार कसे झाले ते इतरांना विचारता येतं.

अजून एक राहिलं. सगळ्या गाड्या भिंगाखाली एकदा बघा, रंगाला बारीक तडे किंवा अंग फुगल्यासारखं दिसतंय का. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरे भेसळ राहिली तर काही वर्षांनी धातू आतून तडकतो, त्याला इलाज नाही, आणि दमटपणा आणि उष्णतेत ते लवकर होतं. तसा नग असेल तर तो विकू नका, घेणाऱ्याच्या घरी जाऊन तुकडे होतील.

—

धागाकर्ता:

मंडळी, मनापासून आभार. रात्री मामांना सगळं वाचून दाखवलं. निम्म्याचा हिशोब त्यांना पटला, म्हणाले आम्ही टॉवेलचा लॉट पण असाच द्यायचो, सेकंडचा माल वेगळा आणि फर्स्टचा वेगळा, पण फर्स्ट सेकंडच्या भावात कधी नाही.

भिंग घेऊन बसलो, एका जुन्या मॅकलॅरनच्या नाकाजवळ तडे दिसले, ती बाजूला काढली. बाकीच्या ठीक वाटतायत. आर्टिकल नंबर लिहून यादी करायला घेतलीय, प्रत्येक नगापुढे डबा आहे-नाही, काय तुटलंय, स्टिकर कुणाचे, हे सगळं. असं ठरवलंय की सेना आणि १९९० च्या दशकातला शूमाकर एकेक करून ग्रुपवर जाईल, २००० नंतरच्या साध्या फेरारी पाच-पाचच्या लॉटमध्ये, आणि स्पार्कला जूनपर्यंत हात लावायचा नाही. तोपर्यंत सगळं खालच्या मजल्यावर मधल्या खोलीत हलवलंय, तिथे गार असतं.

पिटलेन, तुम्हाला एक विचारायचंय. चिकटलेला टायर सोडवायला जबरदस्ती करू का तसाच पट्टीसकट फोटो टाकून विकू? मामा म्हणतात दोरा घालून हळूहळू सुटेल, मला भीती वाटते.

आणि बुरागो नऊ आहेत, त्या कुरिअरच्या खर्चात परवडणार नाहीत. सोलापुरातच कुणाला हव्या असतील तर मेसेज करा, घरी येऊन बघून घ्या, भाव मामा स्वतः सांगतील.