सेन्सिटिव्ह पेस्ट चार दिवसांत सोडू नका
गार लागलं की दातात कळ येते म्हणून सेन्सिटिव्ह पेस्ट घेतलेले काही जण "चार दिवस वापरली, फरक शून्य" असं म्हणतात, पण ही पेस्ट इतक्या लवकर गुण देत नाही. दाताच्या डेंटिनमध्ये, म्हणजे वरच्या कठीण आवरणाखालच्या थरात, हजारो सूक्ष्म नळ्या असतात. हिरडी मागे सरली की मुळाजवळ त्या उघड्या पडतात; गार पाणी लागलं की आतला द्रव हलतो आणि थेट नसेपर्यंत कळ जाते. 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट नसेलाच शांत करते, म्हणून ती रोज दोनदा, निदान दोन ते चार आठवडे वापरावी लागते. स्टॅनस फ्लोराइडवाली नळ्यांची तोंडं बुजवते. घासून झाल्यावर खळखळून चुळा भरू नका, नुसतं थुंका. ब्रशही मऊच घ्या. मात्र एकाच दातात कळ येत असेल किंवा गार गिळल्यावरही ठणका राहत असेल, तर आधी दात दाखवून घ्या.