अनुभव धागा : फणसावर टिचकी मारणाऱ्यांनी ड्युरियन कसा घेतला?

टिळकवाडीची_आजी
काल गणपत गल्लीत फणसाचा ढीग लागलेला. एक आजोबा उकिडवे बसून एकेका फणसावर टिचकी मारत होते, पुन्हा कान लावून ऐकत होते. फणसवाली म्हणते, "किती वाजवताय ओ आजोबा, तबला हाय काय!"

तिथंच मला सिंगापूर आठवलं. 2019 चा जून, लेकीकडे महिनाभर गेलो होतो. गेलांगच्या रस्त्यावर ड्युरियनचे ढीग, फणसासारखंच काटेरी, उग्र वासाचं फळ. जावई म्हणाले, आई, तुम्ही खानापूरच्या, तुम्हीच निवडा. मला मूठभर मांस चढलं. फणसाचे काटे पसरट झाले की फळ तयार, हे डोक्यात पक्कं. तोच न्याय लावून सगळ्यात मोठं, पसरट काट्याचं उचललं आणि सवयीनं बोट मारलं. बोटातून रक्त! फणसाच्या काट्यानं हात खरचटतो फार तर, हा टोचतो.

विकणाऱ्यानं हातमोजा घातलेल्या हातानं माझं फळ काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं, न बोलता. दुसरं घेतलं, कानाशी हलवलं, देठाशी हुंगलं, शेजारशेजारचे दोन काटे चिमटीत दाबून बघितले, थोडे लवले. मग सुरीनं फट पाडून पुढे धरलं, बोटानं चाखा म्हणून. चांगलं नसलं तर ठेवून घेतो, दुसरं फोडतो. भाव किलोवर, टरफलासकट! तीन किलोच्या फळात गर किलोभर निघाला तरी नशीब. मोठं घेण्यात काय शहाणपण होतं मग?

चव म्हणाल तर कांदा परतून त्यावर बासुंदी ओतल्यासारखी. मी चार गरे खाल्ले. हे रुमाल नाकाला लावून दहा पावलं लांब.

तुमचं लिहा. ड्युरियन नसेल तर फणसाचं चालेल.

जांबोटी_रोड
चालेल काय, फणसाचंच येणार इथं 😄
टिचकीला टणटण वाजला तर कच्चा, भदभद वाजला तर पिकला. पण आत कापा की बरका ते वाजवून कळत नाही आजी. वडील म्हणायचे, फणस बघू नको, झाड विचार. गेल्या वर्षी कणकुंबीहून येताना एकानं शपथेवर कापा म्हणून दिला, घरी फोडला तर बरका. गिळगिळीत. आईनं तीन दिवस सांदणं केली, शेजारच्या चार घरांत वाटली. पाचव्या घरानं दार उघडलं नाही.

निपाणीवाला
आमच्याकडे येईपर्यंत फणस गाडीतच पिकून बसलेला असतो. निवडायचं कशाला. तंबाखूचं विचारा, सांगतो.

पेनांगला_दोन_वर्षं
आजी, थोडी भर घालतो. मलेशियात फळ झाडावरून आपोआप पडू देतात, झाडाखाली जाळ्या बांधून. पडलेलं फळ शक्यतो त्याच दिवशी खायचं. तडकलेलं घेऊ नये, आत हवा गेली की गर आंबतो. थायलंडमध्ये मात्र देठासकट आधीच उतरवतात, मग दोनचार दिवसांत पिकतं. म्हणून थाई मोंथोंग जातीचा वास बेताचा आणि गर घट्ट. आपल्या काप्याची सवय असलेल्यानं तिथून सुरुवात करावी. मुसांग किंग जातीचा घेणार असाल तर फळ उलटं करा, बुडाशी काटे नसलेली चांदणी दिसते. देठ हिरवा, ओलसर बघायचा. अळीचं बारीक भोकही बघा, मी एकदा नाही बघितलं.
मलय भाषेत दुरी म्हणजे काटा, त्यावरून ड्युरियन. नावातच सांगून ठेवलंय बोट मारू नका म्हणून 😀

शहापूरची_सून
सिंगापूरच्या मेट्रोत पाटी बघितली का कुणी? सिगारेट ओढली तर एवढा दंड, खाल्लं तर एवढा. खाली ड्युरियनला फुली, पण दंडाचा आकडाच नाही. आमच्या ह्यांना वाटलं थेट आत टाकतात.

बॉटनीची_बाई
जाताजाता. फणस वडा-पिंपळाच्या कुळातला, ड्युरियन भेंडी-जास्वंदीच्या. दिसायला भाऊ, नातं काही नाही. फणस म्हणजे शेकडो फुलांचं मिळून एक फळ, ड्युरियन एकाच फुलाचं. पेपर तपासायचे पडलेत, पळते.

शहापूरची_सून
भेंडीच्या! म्हणूनच ह्यांना दोन्ही चालत नाही.

अनगोळ_नाका
मी बेंगळुरूहून ड्युरियनचा गोठवलेला गर आणला, पाकीटबंद. आल्यावर फ्रीजरमध्ये ठेवला आणि विसरलो. मध्यरात्री वीज गेली, सकाळपर्यंत आली नाही. पहाटे सासूबाई ओरडल्या, गॅस सुटलाय! रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, सगळे अंगणात. समोरचे काका टॉर्च घेऊन आले. त्यांनीच फ्रीज उघडला.
नंतर वाचलं, सिलिंडरच्या गॅसला वास यावा म्हणून मुद्दाम मरकॅप्टन घालतात, ते गंधकाचं. ड्युरियनचा वासही गंधकाच्याच संयुगांचा. 2018 ला मेलबर्नमध्ये विद्यापीठाची लायब्ररी याच घोळात रिकामी केली होती, कपाटात सडका ड्युरियन निघाला. तर आमच्या सासूबाईंचं काही चुकलं नाही. मी अजून त्यांच्यासमोर फ्रीज उघडत नाही ते वेगळं.

चंदगडी
गाडीत फणस घेऊन चढलो तर कंडक्टरनं फणसाचं लगेज तिकीट फाडलं. म्हटलं मांडीवर घेतो. म्हणे, मांडीवर घ्यायला ते पोर हाय काय. घेतला मांडीवर. चीक लागून पँट गेली.

जांबोटी_रोड
@चंदगडी कुठली गाडी? संध्याकाळची असेल तर तो मिशीवाला ना?

चंदगडी
होय की! त्यानं तुमचंही फाडलं काय?

जांबोटी_रोड
कोंबडीचं. 😂

वडगावकर
पँटला खोबरेल चोळा आधी, मग साबण. पाणी लावलं की चीक बसला कायमचा. विळीला पण आधी तेल.

माळमारुती
आम्ही दोघंच घरात, पंधरा किलोचा फणस कोण खाणार? तुमकूरकडचा सिद्दू म्हणून फणस आहे, अडीच-तीन किलोचा, गरे तांबूस लाल. चेळूरच्या एका शेतकऱ्याच्या झाडावरून हिरेहळ्ळीच्या बागायती संशोधन केंद्रानं पुढं आणला. माझ्या भावानं कलम लावलंय. त्याला विचारलं कधी लागणार, तर म्हणाला, थोडं धीरानं घे अक्का.

टिळकवाडीची_आजी
@माळमारुती कलम मिळालं तर कळव गं. परसात जागा आहे.
@अनगोळ_नाका काका काय म्हणाले फ्रीज उघडून?

अनगोळ_नाका
काही नाही, टॉर्च बंद केला आणि घरी गेले.

निपाणीवाला
ते काल आजोबांनी घेतला का फणस शेवटी?

टिळकवाडीची_आजी
कुठला! अर्धा तास वाजवून पाव किलो सुटे गरे घेतले. आठळ्या काढून द्या म्हणाले, वजनात नको.